भाऊ पॉझिटिव्ह निघालाय, पण एआरटी केंद्रात यायला तयार नाही

प्रश्न असा आहे: "माझा मोठा भाऊ ३२ वर्षांचा आहे. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो, टेम्पो चालवतो. तीन महिन्यांपूर्वी त्याचा पाय मोडला. खासगी दवाखान्यात ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशन न करता दुसरीकडे पाठवून दिलं. पाय आता बरा आहे. पण एआरटीला, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराला, चल म्हटलं की चिडतो. 'मला काय झालंय?' म्हणतो. गावातल्या एकाकडून कसलं तरी चूर्ण घेतोय. वहिनीला काहीच माहीत नाही. चार वर्षांचा मुलगा आहे आणि घरात दुसऱ्या बाळाचा विषय चाललाय. त्याने फक्त मला सांगितलंय. मी त्याला कसं समजावू?"

ताई, हा 'समजावू' शब्द आपण आधी बाजूला ठेवू. दादाला समजावण्यासारखं फारसं उरलेलं नाही. हा आजार काय आहे, त्यावर गोळ्या असतात, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, एवढं त्याने पहिल्या आठवड्यातच मोबाइलवर वाचलेलं असणार. मी २००८ पासून समुपदेशक आहे. आधी आयसीटीसीत, म्हणजे जिथे तपासणी होते तिथे होते. नंतर एआरटी केंद्रात आले, म्हणजे जिथे उपचार होतात तिथे. पुष्कळ रुग्णालयांत या दोन खोल्यांमध्ये एका जिन्याचंच अंतर असतं. तेवढ्या अंतरात माणसं हरवतात. हरवून वर्षा-दोन वर्षांनी स्ट्रेचरवरून परत आलेल्या कितीतरी जणांशी मी नंतर बोलले आहे. माहिती नव्हती म्हणून आला नाही, असा त्यांच्यात क्वचितच कुणी निघाला. बहुतेकांना कुठली तरी एकच गोष्ट अडवत होती आणि ती ते बोलून दाखवत नव्हते. तोंडाने म्हणत होते, 'मला काय झालंय', 'हंगाम संपू दे', 'दिवाळीनंतर बघू'.

म्हणून खरा प्रश्न एवढाच, की दादाला नक्की काय अडवतंय? मला ते इथून दिसत नाही. तुम्हाला दिसू शकेल, कारण त्याने जगात फक्त तुम्हाला सांगितलंय. मी ज्या गोष्टी वारंवार पाहिल्या त्या सांगते. त्यातली दादाला कुठली लागू पडते ते तुम्ही ताडून बघा.

सगळ्यात आधी, 'कोण बघेल'. मरणाची भीती लोक जितक्या सहज बोलतात तितक्या सहज ही बोलत नाहीत. आमच्याकडे एक ट्रकचालक होता. नोंदणी झाल्यावर पुष्कळ दिवसांनी त्याने सांगितलं, "मॅडम, मी याआधी सात वेळा आलो होतो. गेटसमोरच्या टपरीवर चहा घ्यायचो आणि परत जायचो." कारण विचारलं तर त्याच्या मेव्हण्याची बायको आमच्याच रुग्णालयात सिस्टर होती. ती दुसऱ्या वॉर्डात, दुसऱ्या मजल्यावर. आमच्याकडे तिचं येणंही नव्हतं. पण त्याच्या डोक्यात ती रोज आमच्या दारातच उभी होती. या सात फेऱ्यांत चौदा महिने गेले आणि तो आत आला तेव्हा त्याला टीबी झालेला होता. त्याला गोळ्यांचे फायदे सांगून काही झालं नसतं. "दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव घातलं तरी चालतं" एवढं एकच वाक्य कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

ते वाक्य मी तुम्हाला आत्ताच सांगते. तुमचा पत्ता सोलापूर जिल्ह्याचा आहे म्हणून सोलापुरातच जायला हवं असं नाही. पुणे, सांगली, लातूर, धाराशिव, सगळीकडे एआरटी केंद्रं आहेत आणि औषधं सगळीकडे तीच आहेत. पुढे मन स्थिरावलं की जवळच्या केंद्रात बदली करून घेता येते. लांब जाण्यात अडचणही आहे, ती लपवत नाही. सुरुवातीला फेऱ्या जास्त होतात, दर फेरीला भाडं आणि दिवसाचा धंदा जातो आणि लांबचं केंद्र निवडलेली काही माणसं वर्षभरात थकून मधेच सोडतात. पण कधीच सुरू न होण्यापेक्षा लांब सुरू होणं मला बरं वाटतं. दादा टेम्पो चालवतो, त्याचं कुठल्या ना कुठल्या शहरात जाणं असेलच. त्याच रस्त्यावरचं केंद्र निवडा. घरी काही वेगळं सांगावंच लागणार नाही.

आता त्या रिपोर्टबद्दल. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की दादाकडे फक्त खासगी लॅबचा कागद आहे. तेवढ्यावर एआरटी केंद्रात नोंदणी होत नाही. आधी आयसीटीसीत पक्कं निदान व्हावं लागतं. तिथे पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्याच रक्तावर वेगवेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या करतात आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. खासगीतून आलेल्यांची इथेच पहिली फसगत होते. माणूस मोठ्या मुश्किलीने धीर गोळा करून थेट एआरटी केंद्रात येतो, खिडकीवर त्याला "आधी आयसीटीसीचा रिपोर्ट आणा" असं ऐकवतात आणि तो जो जातो तो परत येत नाही. नियम बरोबर आहे, पण तो सांगण्याची रीत पुष्कळदा चुकते. तेव्हा तुम्ही आधी आयसीटीसीलाच जा. जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत ती असते. तपासणी फुकट आहे आणि रिपोर्ट साधारण त्याच दिवशी मिळतो.

याच अडचणीत तुमच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. दादाच्या मनात कुठेतरी 'रिपोर्ट चुकीचा असेल' ही आशा असणार. तिला वेडी म्हणू नका. एका चाचणीवर निदान ठरत नाही, हे खरंच आहे. "दादा, एआरटी-बिआरटी राहू दे. हा रिपोर्ट खरा की खोटा एवढं तरी पक्कं करू, मी येते बरोबर." हे म्हणणं प्रामाणिक आहे आणि यात त्याला कुठे हार मानावी लागत नाही. माझ्याकडे आलेली कितीतरी माणसं 'हे खोटं आहे हे सिद्ध करायला' आली होती. तुम्ही मात्र मनाची तयारी ठेवा. लॅबची चाचणी नीट झालेली असेल तर निकाल बहुधा तोच येईल. पण त्या वेळी समोर समुपदेशक बसलेली असेल, दार लावलेलं असेल आणि पुढचं पाऊल त्याच इमारतीत किंवा एका फोनच्या अंतरावर असेल. पहिल्या वेळी यातलं त्याला काहीच मिळालं नाही.

त्या पहिल्या वेळेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. तुम्ही ते एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण मला तीच गाठ मोठी वाटते. ऑपरेशनच्या तोंडावर, पाय मोडलेला असताना, न विचारता तपासणी झाली आणि मग 'दुसरीकडे जा' म्हणून सांगितलं. माझ्याकडे आलेल्यांतून तुमच्यासारखं सांगणारे अनेक आहेत. कुणाला रिपोर्ट व्हरांड्यात सगळ्यांसमोर सांगितला गेला, कुणाच्या केसपेपरवर लाल शाईने मोठ्ठं लिहिलं गेलं. अशा माणसाला 'दवाखान्यात चल' म्हटलं की त्याला तोच व्हरांडा आठवतो. तो औषधाला नाही म्हणत नसतो, पुन्हा तसा अपमान नको म्हणत असतो. तेव्हा दादाशी बोलताना आधी हे म्हणा, की "त्या दिवशी तुझ्याशी जे वागले ते चूक होतं." ते कायद्यानेही चूक आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे. त्यात समजावून, संमती घेऊनच तपासणी करावी लागते, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि कुणाची स्थिती त्याच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही. तक्रारीसाठी राज्य पातळीवर लोकपालाची सोय आहे. तक्रार करायची की नाही हे दादाने ठरवावं, आणि आज ठरवण्याची गरज नाही. पण आपल्या बाजूने कायदा आहे हे कळल्यावर माणूस थोडा ताठ बसतो, हे मी समोर पाहिलंय.

'मला काय झालंय' या वाक्यातही थोडं तथ्य आहे आणि ते आपण मान्य करावं. विषाणू शरीरात शिरल्यानंतर बाहेरून काहीही न दिसता सरासरी आठ-दहा वर्षंही जातात. दादा आज ठणठणीत असेल. शिवाय 'पेशी कमी झाल्याशिवाय गोळ्या देत नाहीत' असं त्याने कुणाकडून ऐकलं असेल, तर तेही कधीकाळी खरं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा आम्हीच माणसांना परत पाठवायचो. सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ठरलेल्या आकड्याच्या वर असल्या की सांगायचो, "तुमचं चांगलं आहे, सहा महिन्यांनी या." लोक आनंदाने जायचे आणि त्यातले कितीतरी सहा महिन्यांनी आलेच नाहीत. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण नियमाप्रमाणे वागूनही आम्ही त्यांना गमावलं. तो आकडा आधी २०० होता, मग ३५०, मग ५०० झाला. २०१५ मध्ये 'स्टार्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ४,६८५ लोक होते, सगळे धडधाकट, पेशी ५०० च्या वर असलेले. ज्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या त्यांच्यात गंभीर आजार आणि मृत्यू, थांबलेल्यांच्या निम्म्याहून कमी निघाले. त्यानंतर जगभर धोरण बदललं आणि भारतात २०१७ पासून पेशी कितीही असोत, पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला उपचार देतात. दादाला हे असं सांगता येईल: "तुला काही झालेलं नाही, म्हणूनच आत्ता जायचं. काही झाल्यावर जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी असते."

गोळ्यांची भीतीही जुन्या काळातून आलेली असते. आपल्याकडे सरकारी एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. तेव्हाच्या औषधांत स्टॅव्हुडिन होतं. त्याने गाल बसायचे, हातापायावरची चरबी जायची, शिरा दिसायच्या. गावात माणसाचा चेहरा बघून लोक कुजबुजायचे. नंतरच्या एका गोळीने रात्री चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची. त्या पिढीतलं कुणी दादाने पाहिलं असेल, तर 'गोळ्या सुरू केल्या की चेहऱ्यावर दिसतं' असं त्याला वाटणं साहजिक आहे. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असतात. काहींना सुरुवातीला डोकं दुखतं, झोप नीट लागत नाही, काहींचं वजन वाढतं. झोपेचा त्रास असेल तर आम्ही गोळी सकाळी घ्यायला सांगतो. मूत्रपिंडाचा आजार किंवा टीबी असेल तर औषधं आणि मात्रा बदलतात. म्हणून दुसऱ्या कुणाच्या गोळ्या पाहून अंदाज बांधू नये.

आणि चूर्ण. यावर मी भांडत नाही, तुम्हीही भांडू नका. माणूस चूर्ण घेतो म्हणजे त्याला बरं व्हायचंय, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो. ते देणारा माणूस त्याला जवळ बसवतो, कागद मागत नाही, रांगेत उभं करत नाही. एड्स बरा करण्याचा दावा कुठल्याही औषधासाठी करायला कायद्याने मनाई आहे आणि विषाणू शरीरातून पूर्ण काढून टाकणारं औषध आज बाजारात नाही. तरीही दादाला 'ते फेकून दे मग चल' अशी अट घालू नका. 'पुडी बरोबर घे, डॉक्टरांना दाखव' म्हणा. त्यात काय घातलंय कुणालाच माहीत नसतं, यकृतावर ताण येऊ शकतो आणि लोह, कॅल्शियम किंवा आम्लपित्ताची औषधं डोल्युटेग्राविरबरोबर एकाच वेळी घेतली तर गोळीचा असर कमी होतो. डॉक्टरांना हे कळायला हवं म्हणून पुडी न्यायची. दारूचंही तसंच. 'पिणाऱ्याला गोळ्या देत नाहीत' असं समजून कितीतरी ड्रायव्हर लोक लांब राहतात. देतात. दारू सोडायला आम्ही मदत करतो, पण सोडेपर्यंत थांबवून ठेवत नाही.

आता वहिनी. मला शंका आहे की दादाची खरी गाठ इथेच आहे. एआरटीला जायचं म्हणजे बायकोला कळणार, असं त्याने मनात जोडून टाकलं असेल. गोळ्यांची बाटली घरात दिसणार, केंद्रातून फोन येणार, कुणीतरी चौकशीला घरी येणार. यातल्या प्रत्येक गोष्टीवर नोंदणीच्या दिवशीच बोलता येतं. कुठल्या नंबरवर फोन करायचा, घरी कुणी आलेलं चालेल का, हे आम्ही विचारून लिहून घेतो. ते कुणी विचारलं नाही तर दादाने आपणहून सांगावं.

पण तुम्हाला स्पष्टही सांगायला हवं, कारण इथे एका माणसाचा नाही, तिघा-चौघांचा प्रश्न आहे. उपचार सुरू नसताना रक्तात विषाणू भरपूर असतो. आज या क्षणापासून निरोध वापरणं आवश्यक आहे आणि दुसऱ्या बाळाचा विषय काही महिने पुढे ढकलायला हवा. हे दादाला सांगताना आवाज चढवू नका, पण गुळमुळीतही बोलू नका. वहिनींना तुम्ही स्वतः सांगू नका. तुमच्या तोंडून कळलं तर दादाचा शेवटचा विश्वासाचा माणूस जाईल आणि वहिनींनाही 'सगळ्यांना माहीत होतं, मलाच नाही' हे आयुष्यभर टोचेल. सांगायला हवं दादाने, आणि ते समुपदेशकासमोर सांगता येतं. आमच्याकडे किती जोडपी अशी बसली आहेत! नवऱ्याला पहिलं वाक्य सुचत नाही, ते आम्ही बोलतो, पुढचं तो बोलतो. तो कधीच सांगायला तयार झाला नाही तर जोडीदाराचा धोका पाहून, त्याला आधी पुरेशी संधी आणि पूर्वकल्पना देऊन, जोडीदाराला सांगण्याची तरतूद कायद्यात डॉक्टर आणि समुपदेशकासाठी आहे. आम्ही ती अगदी शेवटी वापरतो. ती धमकी म्हणून दादापुढे ठेवू नका.

त्याच्यापुढे ठेवायची तर ही दुसरी बाजू ठेवा. एचपीटीएन ०५२ नावाच्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी. त्यात आपलं पुणंही होतं. २०११ मध्ये दिसलं की लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. पुढच्या अभ्यासांतून आणखी पक्कं झालं, की गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. दादाला दुसरं बाळ हवं असेल तर त्याचा रस्ता एआरटी केंद्रातूनच जातो. वहिनींची तपासणी निगेटिव्ह आली तर त्यांना सुरक्षित ठेवता येतं. पॉझिटिव्ह आली तरी गरोदरपणात उपचार आणि बाळाला जन्मानंतर औषध दिलं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण १०० मागे पाचाच्या खाली येतं. काहीच केलं नाही तर ते १५ ते ४५ असतं. वहिनी पॉझिटिव्ह निघाल्या तर चार वर्षांच्या मुलाचीही तपासणी करावी लागेल. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: कुणामुळे कुणाला झालं हे कुठल्याही चाचणीतून कळत नाही. ज्याचा रिपोर्ट आधी आला त्याच्यावर खापर फुटतं, एवढंच होतं. त्या शोधात पडलेल्या घरांत उपचार मागे राहिलेले मी पाहिलेत. 'कुठून आणलास' हा प्रश्न तुम्हीही दादाला विचारू नका. आम्ही समुपदेशकही तो त्या रोखाने विचारत नाही.

पैशांचं आणि वेळेचं थोडक्यात. गोळ्या, सीडीफोर आणि व्हायरल लोडची (रक्तात विषाणू किती आहे याची) तपासणी फुकट आहे. जातो तो दिवस आणि भाडं. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतल्या माणसांची यात फार ओढाताण होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तरी हिशेबात धरतात आणि कारण सांगायची सोय नसते. दादा स्वतःच्या गाडीचा मालक असेल तर त्याचं त्या मानाने सोपं आहे. एसटीत एचआयव्हीबाधितांना प्रवास सवलत आहे, पण तिच्यासाठी कागद दाखवावा लागतो आणि गावच्या गाडीत कंडक्टर ओळखीचा निघतो, म्हणून आमच्याकडचे पुष्कळ जण ती घेतच नाहीत. ज्याला ती घ्यायची नाही त्याला आग्रह करू नये. तब्येत स्थिर झाली की एका वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळतात आणि जवळच्या लिंक एआरटी केंद्रातूनही, म्हणजे मोठ्या केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रातूनही, नेता येतात. पहिले काही महिनेच फेऱ्यांचे असतात.

एवढा वेळ मी 'हळूहळू घ्या' असं बोलते आहे, पण काही परिस्थितींत हळूहळू चालत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रोज संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन घटणं, तोंडात पांढरा थर किंवा गिळताना दुखणं, उलट्यांसकट सतत डोकेदुखी, नजर अंधुक होणं, श्वास लागणं, यातलं काहीही असेल तर मन वळण्याची वाट बघू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. अशा वेळी कधीकधी आधी टीबीचा किंवा मेंदूज्वराचा उपचार करून मग एआरटी सुरू करावी लागते आणि तो क्रम डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. दुसरं, दादा झोपत नसेल, जेवत नसेल, 'मी गेल्यावर पोराचं बघ' असं काही बोलत असेल, तर सरळ विचारा, "दादा, मरणाचे विचार येतात का?" विचारल्याने विचार येत नाहीत, मनातलं बाहेर पडतं. मग त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तिथे फोन लावा. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही. दादाला समोरासमोर बोलायचं नसेल तर पहिलं बोलणं या फोनवर होऊ दे. कितीतरी जण तिथूनच आमच्याकडे आले आहेत.

मग बोलायचं कसं? घरात नको, जेवताना नको, वहिनी आसपास असताना नको. टेम्पोत शेजारी बसून बोला. गाडीत दोघांची नजर रस्त्यावर असते, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. 'चल' म्हणू नका, विचारा: "दादा, तिथं गेल्यावर सगळ्यात वाईट काय होईल असं वाटतंय तुला?" आणि मग गप्प बसा. कितीही वेळ गेला तरी मधे बोलू नका. जे उत्तर येईल ती त्याची गाठ. 'रामभाऊचा पोरगा तिथं लॅबला आहे' म्हणाला तर केंद्र बदला. 'तिला कळेल' म्हणाला तर फोन नंबरचं आणि बाटलीचं सांगा. 'परत तसंच हाकलतील' म्हणाला तर तुम्ही आधी एकट्या जाऊन समुपदेशकाला भेटून या, तिचं नाव विचारून घ्या आणि तो कुठल्या दिवशी येईल ते सांगून ठेवा. माणसाला 'केंद्रात जा' म्हणण्यात आणि 'अमुक ताईंना जाऊन भेट, त्या वाट बघतायत' म्हणण्यात फार अंतर आहे. आयसीटीसीत असताना मी सुरुवातीला चिठ्ठी हातात देऊन माणसं वर पाठवायचे. नंतर स्वतः जिना चढून त्यांना नेऊन बसवायला लागले आणि जिन्यात हरवणारे कमी झाले.

पहिल्या दिवशी काय होतं तेही त्याला आधीच सांगा, अंधारात पाऊल टाकायला लावू नका. आयसीटीसीचा रिपोर्ट, आधारकार्ड, एक-दोन फोटो न्यावेत. आधार नसेल तर त्यासाठी थांबू नका, तसं समुपदेशकाला सांगा. केसपेपर निघतो, नोंदणी होते, एक नंबर मिळतो आणि पुढे आमच्या कागदांत तो नंबरच जास्त चालतो. मग समुपदेशन, डॉक्टरांची तपासणी, टीबीची चौकशी. रक्त घेतात: सीडीफोर, हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड, कावीळ ब आणि क, गुप्तरोग. सगळं ठीक असेल आणि त्याची तयारी असेल तर गोळ्या त्याच दिवशी, नाहीतर साधारण आठवड्याभरात सुरू होतात. अर्धा दिवस जातो हे गृहीत धरा. सोमवारी आणि सुट्टीनंतरच्या दिवशी गर्दी असते, त्या दिवशी नेऊ नका. आठवड्याच्या मध्यावर, सकाळी जरा उशिरा या. त्या वेळी आम्हालाही निवांत बोलता येतं.

तो पहिल्यांदा नाही म्हणेल, हे धरून चाला. एकदा नाही म्हणाल्यावर तुम्ही रागावून बोलणं बंद केलं, तर त्याचा तो एकच दरवाजाही बंद होईल. आठवड्याने पुन्हा त्याच टेम्पोत बसा.

टेम्पोतल्या प्रश्नाला तो काय म्हणाला ते मला कळवा, त्याच्याच शब्दांत. वहिनींच्या तपासणीचं त्यानंतर बोलू.